पोरगं ताट फेकतं, डोकं आपटतं, चावतं: घरच्यांनी सुरुवात कुठून करायची

आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही न स्पेशल टीचर पण नाही. माझा धाकटा भाऊ आता बावीसचा आहे, ऑटिझम (स्वमग्नता) आहे आणि बौद्धिक अक्षमता पण आहे, बोलतो ते सगळे मिळून पाच-सहा शब्द. त्याच्या मागं फिरता फिरता जे शिकले ते लिहून ठेवतेय, कारण आजूबाजूच्या गावांतून कोणी ना कोणी आई फोन करतेच, "ताई, पोट्टा लय मारते वो, काय करू सांगा", आणि दर वेळी अर्धा तास तेच सांगून माझा घसा बसतो. यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं गाव आमचं. इथं थेरपी सेंटर वगैरे काही नाही, तालुक्याला जायचं तर एसटीची वाट पाहायची, म्हणून जे घरी, ओसरीवर, वावरात जमतं तेवढंच सांगते.

ह्या पद्धतीला पॉझिटिव्ह बिहेवियर सपोर्ट म्हणतात, पीबीएस. पॉझिटिव्ह म्हणजे लाड करा, हसत राहा असं काही नाही. मुद्दा एवढाच की लेकरू ताट फेकतं त्यातून ते काहीतरी मागतंय किंवा काहीतरी नको म्हणतंय, तर ते काय ते आधी शोधायचं आणि मग तेच मागायचा दुसरा सोपा रस्ता त्याला द्यायचा. आपण नेमकं उलटं करतो, रस्ता बंद करतो आणि मागणी तशीच आत राहते, मग ती दुसरीकडून फुटते. आज चावणं थांबवलं तर उद्या कपडे फाडणं सुरू.

हे निघालं अमेरिकेत, १९८० च्या दशकात. तेव्हा तिकडच्या संस्थांमध्ये अशा मुलांना सुधारायचं म्हणून शिक्षा, अगदी विजेचे झटके सुद्धा देत होते, आणि त्याच्या विरोधात काही लोकांनी दुसरा मार्ग शोधला. कार आणि ड्युरंड ह्या दोघांचा १९८५ चा एक अभ्यास आहे, फक्त चार मुलं होती त्यात. काम अवघड झालं की किंवा मोठ्यांचं लक्ष कमी झालं की ही मुलं बिघडायची. मग त्यांना वाक्यं शिकवली, "मला समजलं नाही" आणि "मी बरोबर करतोय का?", म्हणजे एक मदत मागायचं आणि एक लक्ष मागायचं. ज्या मुलाला ज्याची गरज त्याला ते वाक्य दिल्यावर आरडाओरडा कमी झाला. मला हे वाचलं तेव्हा हसू आलं, कारण आमच्या गुराख्याला पण माहीत असतं की गाय लाथ मारते तर आधी सड पाहायचा, काठी नंतर.

सगळ्यात आधी दुखणं पाहा

हे मी पहिल्या नंबरवर लिहितेय कारण आमच्याकडून इथंच चूक झाली. भाऊ अकरा वर्षांचा असताना कापूस वेचणीच्या दिवसांत अचानक स्वतःच्या डाव्या कानावर थपडा मारायला लागला, दिवसातून तीस-चाळीस वेळा, रात्री पण. एका दवाखान्यात नेलं तर तिथं कान न पाहताच सांगितलं की "असे पोरं असंच करतात", आणि झोपेची गोळी दिली. कोणी म्हणालं नजर लागली, मग अंगारा झाला, उतारा झाला. बाबांनी एकदा हात बांधले त्याचे, ते आठवलं की अजून पोटात कालवते. महिन्याभरानं दुसऱ्या एका डॉक्टरनं बॅटरी घेऊन कानात पाहिलं तर मळ दगडासारखा घट्ट आणि त्याच्या मागं पू. थेंब आणि औषध, आठ दिवसांत थपडा बंद. महिनाभर ते लेकरू कान दुखतो कान दुखतो सांगत होतं आणि आम्ही त्याचं तोंड बंद करत होतो.

म्हणून वागणं अचानक बदललं असेल तर कान, दात, घसा, पोट साफ होतं का, लघवीला जळजळ, झोप किती, पोरगी असेल तर पाळीचे दिवस, हे सगळं तपासून घ्या. बद्धकोष्ठ तर फार जणांना असतो आणि कोणी विचारतच नाही. एखादं औषध नवीन सुरू झालंय का ते पण सांगा. फिट येतात का तेही पाहा, मधेच टक लावून थांबतो, हातातलं पडतं, ओठ चघळतो, असं असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरला दाखवा, तोंडी सांगण्यापेक्षा लवकर समजतं त्यांना. आणि गोळ्या चालू असतील तर माझं हे वाचून एकही बंद करू नका, फिटच्या तर अजिबात नाही.

मग एकच वागणं निवडा

घरच्यांना विचारलं की काय त्रास आहे तर यादी येते, ऐकत नाही, हट्टी आहे, बदमाश झालाय, आंघोळ नको म्हणतो, बहिणीला मारतो. सगळं एकदम नाही होत हो. ज्यात कोणाला इजा होते ते आधी घ्या. आणि ते असं लिहा की तुम्ही आणि शेजारीण दोघी उभ्या असाल तर दोघींना ते सारखंच दिसलं पाहिजे. "बदमाशी करतो" हे दिसत नाही. "उजव्या हातानं जवळच्या बाईचे केस धरून ओढतो, सोडत नाही" हे दिसतं.

वही

आता खरं काम. शाळेची अर्धी वापरलेली वही पण चालते. पानाचे तीन उभे भाग करा: आधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. बाजूला वार आणि वेळ. दहा-बारा दिवस नुसतं लिहायचं, काही बदलायचं नाही. लिहिता येत नसेल तर व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच आवाज पाठवून ठेवा, माझी आई तेच करायची आणि रात्री मी उतरवून घ्यायची.

आमच्या वहीतलं एक पान सांगते. भाऊ तेव्हा पंधराचा, संध्याकाळी भिंतीवर डोकं आपटायचा. आम्हाला वाटायचं रोजच आपटतो. वही पाहिली तर रोज नाहीच! बुधवार, बुधवार, एक शनिवार, परत बुधवार. बुधवारी तालुक्याचा बाजार, बाबा सकाळी थैली घेऊन जातात. शनिवारी ते बियाण्याच्या कामानं गेले होते. चारच्या सुमाराला हा ओसरीवर येऊन रस्त्याकडं पाहायला लागतो, मग येरझारा, मग डोकं. आणि तिसऱ्या रकान्यात दर वेळी एकच गोष्ट, "आजीनं बिस्किट दिलं", "आजीनं बिस्किट दिलं", एकदा "आजीनं बिस्किट दिलं आणि मोबाइल लावून दिला".

म्हणजे दोन गोष्टी निघाल्या. एक, बाबा गेले ते परत कधी येणार हे त्याला कळायला काही साधनच नव्हतं, आपण घड्याळ पाहतो, फोन करतो, तो काय करणार. दुसरी, डोकं आपटलं की बिस्किट येतं हे आम्हीच त्याला शिकवलं होतं, पक्कं.

का करतो, ते ढोबळ चार कारणांत बसतं

काहीतरी हवंय (वस्तू, खाऊ, मोबाइल). कोणीतरी लक्ष द्यावं. काहीतरी नकोय, टाळायचंय. आणि चौथं म्हणजे अंगालाच काहीतरी होतंय, आवाज सहन होत नाही, किंवा डोलणं, हात हलवणं बरं वाटतं म्हणून. कधी दोन कारणं मिसळलेली असतात, जशी आमची होती.

कारण ओळखायचं महत्त्व यासाठी की एकच उपाय एका घरी औषध आणि दुसऱ्या घरी विष होतो. पोरगं पाटी फेकतं आणि मॅडम त्याला वर्गाबाहेर बसवतात. ते जर लक्ष मागत असेल तर कदाचित कमी होईल. पण त्याला जर पाटीच नको असेल तर मॅडमनी त्याला बक्षीसच दिलं ना, उद्या दोनदा फेकेल. माराचं पण तसंच आहे, मार खाताना का होईना पण आई समोर असते, सगळं काम सोडून.

घडायच्या आधीच हात घाला

निम्मं काम इथं होतं आणि ह्यात लेकराला काही शिकवायचंच नसतं, बदलायचं ते आपल्याला आणि घराला.

बुधवारसाठी आम्ही काय केलं, ओसरीत एक सुतळी बांधली, तिला पाच फोटो लावले. एसटी, बाजार, चहाचा कप, देवापुढचा दिवा, आणि बाबा. कपडे वाळत घालायचा एक लाल चिमटा घेतला. बाबा निघाले की चिमटा एसटीवर, दुपारी जेवणं झाली की बाजारावर, चारला चहा, दिवाबत्तीला दिवा, आणि मग बाबा. चिमटा सरकवायचं काम त्याचंच. आणि बाबा आले की हिरवी थैली खुंटीला लावायची ती पण त्यानंच. पहिल्या बुधवारी त्यानं चिमटा सरळ नेऊन बाबाच्या फोटोला लावला आणि दाराकडं पाहिलं, जसं काही आता आलेच पाहिजेत. मला रडू पण आलं आणि हसू पण. चार-पाच बाजार गेले मग हळूहळू बसलं डोक्यात. एकदा एसटी चुकली तर आम्ही दिव्याच्या पुढं अजून एक कोरा कागद लावला, वेळ लागणार म्हणून, ते पण चाललं.

आपल्याकडच्या काही गोष्टी आधीच हेरून ठेवा. सोयाबीन निघायच्या दिवसांत थ्रेशर घराजवळ लागणार असेल तर त्या दोन तासांसाठी त्याला वावराच्या दुसऱ्या टोकाला किंवा मामाकडं न्या. लग्नात डीजे लागायच्या आधी जेवून निघा. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत लाइट गेली, कूलर बंद, अंगावर नायलॉनचा शर्ट, त्यात आपली पण चिडचिड होते तर त्याची होणारच, सुती बनियन, ओला दुपट्टा, माठातलं पाणी हातापाशी ठेवा. आणि जे करायचंय ते आधी सांगा, थोडक्या शब्दांत, "आधी आंघोळ, मग बैल". एवढंच. "हे पाहा बेटा आता आपण आंघोळ करून घेऊ नाहीतर उशीर होईल मग बाबा रागावतील" ह्यातलं त्याला काय कळणार.

पोळ्याचं वेगळं सांगते. दोन वर्षं आम्ही त्याला तोरणाखाली नेलं, ढोल, गर्दी, फटाके, दोन्ही वर्षं तो कोणाला तरी चावला आणि लोक म्हणाले कशाला आणता ह्याला. तिसऱ्या वर्षी नेलंच नाही, घरात ठेवलं, शांत राहिला. पण ते काही खरं नाही ना, बैल त्याचा जीव की प्राण. मग पुढच्या वर्षी खांदशेकणीला, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, गोठ्यात घरचेच चौघं असताना त्याच्या हातात तूप-हळदीची वाटी दिली. बैलाच्या खांद्याला दोन्ही हातांनी चोळत होता, अर्धा तास, बैल पण उभा. आता दर वर्षी ते काम त्याचं. पोळ्याच्या दिवशी तो लांब धुऱ्यावरून पाहतो, मन झालं तर जवळ येतो. ह्या पद्धतीत पोरगं गप्प बसलं म्हणजे जमलं असं मोजत नाहीत, त्याच्या वाट्याला किती आलं ते मोजतात.

मागायचा दुसरा रस्ता

जे कारण सापडलं तेच मिळवून देणारी खूण शिकवायची, आणि ती चावण्यापेक्षा सोपी पाहिजे. अवघड असेल तर तो कशाला सोडेल चावणं. शब्द असेल तर शब्द, नाहीतर हाताची खूण, फोटो, रिकामा कप आणून देणं, काहीही. माझ्या भावाची "पुरे" ची खूण म्हणजे तळहात छातीवर दोनदा. ती शिकवताना शांत वेळ निवडली. त्याला जरासं नको असलेलं काम द्यायचं, तुरीच्या शेंगा सोलणं, आणि तो वैतागायच्या आधीच, चेहऱ्यावर दिसतं ते, मागून त्याचा हात धरून छातीवर न्यायचा आणि लगेच "पुरे? बरं, पुरे" म्हणून टोपली उचलायची. लगेच म्हणजे लगेच. पहिले दोन-तीन आठवडे त्यानं खूण केली आणि आपण ऐकलं नाही असं एकदाही होता कामा नये, मग भलेही तो दिवसातून वीस वेळा करो. लोक म्हणतात अशानं कामचुकार होईल. होतो थोडे दिवस. खूण पक्की बसली की मग "अजून दोन शेंगा, मग पुरे", मग पाच शेंगा. थांबणं नंतर शिकवायचं, आधी विश्वास बसू द्या की खूण केली तर ऐकतात.

भडका उडालेला असताना मात्र काही शिकवू नका, त्या वेळी डोकं शिकायच्या जागेवर नसतं, आपलं पण नसतं.

आपल्या हातून काय मिळतं

नवीन रस्त्यानं मागितलं तर लगेच द्या, जुन्या रस्त्यानं मागितलं तर ते मिळता कामा नये. सांगायला सोपं आहे. जुन्या वागण्याला मिळणं बंद झालं की ते आधी वाढतं मग कमी होतं, कारण पोरगं जोर लावून पाहतं की अजून जोरात केलं तर मिळेल का. बहुतेक घरं ह्याच चार दिवसांत हार मानतात. डोकं आपटणं किंवा इजा होण्यासारखं काही असेल तर नुसतं दुर्लक्ष करून हे करू नका, डोक्याखाली गोधडी सरकवा, अडवा, पण बिस्किट देऊ नका, आणि जमलं तर आधी जाणकाराला विचारा.

खरी लढाई आजीशी. "लेकराले दोन बिस्कुटं देल्ले तं काय बिघडलं वं?" आणि दहातल्या आठ वेळा सगळ्यांनी पाळलं आणि दोनदा आजीनं दिलं तर ते न पाळण्यापेक्षा वाईट. सट्ट्याचा आकडा रोज लागत नाही, कधीतरी लागतो, म्हणूनच तर माणूस रोज लावतो. आजीला हे सट्ट्यावरून सांगितल्यावर पटलं, कारण आजोबा लावायचे. बिस्किटाचा डबा मग आजीच्याच हाती दिला, पण बुधवारी चिमटा सरकवला की द्यायचं असं ठरलं. देणं बंद नाही केलं, द्यायची वेळ बदलली. आजी खूश.

लाच आणि बक्षीस ह्यात लोक गोंधळतात. रडायला लागल्यावर "गप्प बस, कुरकुरे देते" ही लाच. आधी ठरलेलं, काम झाल्यावर दिलेलं ते बक्षीस. ते खायचंच पाहिजे असं पण नाही, माझ्या भावाला पाठीवर जोरात थाप आवडते, शेजारच्या पोरीला बांगड्यांचा आवाज.

भडका उडालाच तर

बाकी लेकरांना आणि बघ्यांना बाहेर काढा. विळा, दगड, गरम चहा बाजूला. एकच माणूस बोलेल, हळू, तीन शब्दांच्या वर नाही. हातभर लांब आणि थोडं बाजूला उभं राहा, दार अडवू नका. केस धरले असतील तर ओढू नका, त्याच्या मुठीवर आपला हात दाबून डोकं त्याच्याकडं न्या, पकड सैल होते. पालथं पाडून पाठीवर बसणं, छाती दाबणं कधीच नाही, जीव जातो अशानं. खोलीत कोंडणं, खाटेला बांधणं, मिरचीची धुरी, डाग देणं हे तर सांगायलाच नको, पण सांगावं लागतं अजून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांग माणसाला बेइज्जत करायच्या हेतूनं मारहाण करणं, चारचौघांत मुद्दाम अपमान करणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. फिट असेल तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल नको, पाच मिनिटांच्या वर गेली की सरळ १०८.

कोणाकडं जायचं

अठराच्या आतलं लेकरू असेल तर अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला आरबीएसकेची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, त्यांना स्पष्ट सांगा, ते जिल्ह्याच्या लवकर निदान केंद्रात, डीईआयसीला पाठवतात. सरकारी शाळेत समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात, शाळेच्या केंद्रावर विचारा कोण आहे, त्यांना वही दाखवा. नागपूरला केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं प्रादेशिक केंद्र आहे. विशेष शिक्षक किंवा स्पीच थेरपिस्टकडं गेलात तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का विचारायला लाजू नका. "तीन महिन्यांत बरा करतो" म्हणणाऱ्याकडून पैसे न देता उठून या, ऑटिझम काही कावीळ नाही.

यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र काढून घ्या, दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा त्याच्या वर असेल तर बहुतेक योजना त्यावरच चालतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता ह्यांना निरामय ह्या सरकारी आरोग्य विम्यात एक लाखापर्यंत उपचार मिळतात. आणि अठरा पूर्ण झाले की आई-बाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, ते पालकत्व कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून करून घ्यावं लागतं. आम्ही हे वीसाव्या वर्षी केलं, बँकेनं अडवल्यावर.

एक अजून. आई झोपली नसेल तर वरचं काहीच होत नाही. १४४१६ हा टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन सांभाळणाऱ्यांसाठी पण आहे, मराठीत बोलतात. आमच्याकडं रविवारी दुपारी दोन ते चार भाऊ काकांसोबत वावरात असतो, बांधावर बसून दोघं बोरं खातात, आणि त्या वेळात आईला कोणी उठवायचं नाही, पाहुणे आले तरी चहा मी टाकते.